'जीप' हा शब्द आला कुठून, आणि त्याचा खरा अर्थ कोणता मानावा?

माळरान यांचा प्रश्न

वाहनांच्या नावांविषयी एक छोटी लेखमाला लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि 'जीप' या शब्दापाशी येऊन अडलो आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले स्पष्टीकरण असे, की अमेरिकी सैन्यात या गाडीला 'जनरल पर्पज', म्हणजे सर्व कामांना उपयोगी पडणारी गाडी, असे म्हणत. त्याची आद्याक्षरे 'जी' आणि 'पी', आणि ती भरभर उच्चारता उच्चारता त्यांचे 'जीप' झाले. हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत आहे, की त्यावर लगेच विश्वास ठेवावासा वाटतो आणि नेमके म्हणूनच ते तपासून घ्यावे असेही वाटते. पॉपायच्या चित्रमालिकेत याच नावाचा एक प्राणी होता, असेही वाचनात आले आहे. मग गाडीचे नाव प्राण्यावरून आले, की दोन्ही योगायोगाने एकाच सुमारास प्रचारात आले?

दुसरी अडचण अर्थाची आहे. मराठी बोलणारा माणूस 'जीप' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एखादी विशिष्ट कंपनी नसते. उंच बांध्याची, दणकट, खडबडीत रस्त्यावरून जाणारी कोणतीही गाडी त्याला जीपच वाटते. दुसरीकडे हा शब्द आज एका कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. सामान्यनाम आधीचे आणि व्यापारचिन्ह नंतरचे, की उलट? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी शक्य तिथे सालांसह लिहावे, ही विनंती.

चक्रधर यांचा प्रतिसाद

'जनरल पर्पज' ही व्युत्पत्ती सर्वस्वी टाकाऊ नसली, तरी ती आज ज्या स्वरूपात सांगितली जाते त्या स्वरूपात टिकत नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण तारखांमध्ये आहे.

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याच्या क्वार्टरमास्टर विभागाने, म्हणजे पुरवठा खात्याने, १३५ कारखानदारांकडे टेहळणीसाठी एका हलक्या गाडीची मागणी केली. गाडी पाव टनी वर्गातली हवी होती, तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायला हवा होता, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत, तर एकूण ७० गाड्या ७५ दिवसांत तयार व्हायला हव्या होत्या. ही मुदत पाळण्याची हमी पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या अमेरिकन बँटम कंपनीने दिली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडा काढला, आणि त्यावरून बांधलेली पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील कँप होलाबर्ड या लष्करी चाचणी तळावर दाखल झाली. ओहायोतील टोलेडो येथील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांचे नमुने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आले. सरकारी कागदांत या गाडीची नोंद 'पाव टनी, चारही चाके चालती असलेला, टेहळणीचा ट्रक' अशा लांबलचक वर्णनाने होत असे. 'सर्व कामांची गाडी' असे तिचे अधिकृत नाव नव्हते, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी.

मग 'जीपी' ही अक्षरे आली कुठून? ती फोर्डच्या कारखान्यातली आहेत. फोर्डने आपल्या पहिल्या मोठ्या खेपेतील गाड्यांना 'जीपी' हे संकेतनाम दिले होते. त्यातील 'जी' म्हणजे 'गव्हर्न्मेंट', सरकारी कंत्राटावरची गाडी. आणि 'पी' हे कोणत्याही शब्दाचे आद्याक्षर नसून, पुढच्या व मागच्या आसांमध्ये ८० इंच अंतर असलेल्या टेहळणीच्या गाडीसाठी त्या कंपनीने ठरवलेले खुणेचे अक्षर होते. पुढे विलिसचा आराखडा सर्वांसाठी प्रमाण ठरला आणि फोर्डला त्याच आराखड्याच्या गाड्या बांधण्याचे काम मिळाले, तेव्हा संकेतनाम 'जीपीडब्ल्यू' झाले. त्यातला 'डब्ल्यू' विलिसचा. 'पी' जर 'पर्पज'चा असता, तर तो याच कंपनीच्या इतर बहुउपयोगी वाहनांवरही दिसायला हवा होता.

आता तारखा जुळवून पाहू. फोर्डच्या 'जीपी' गाड्या सैनिकांच्या हाती पडू लागल्या त्या १९४१ च्या आरंभी. 'जीप' हा शब्द मात्र त्याआधीच सैन्यात वावरत होता. मिनेसोटातील मिनियापोलिस-मोलाइन ही ट्रॅक्टर बनवणारी कंपनी तोफा ओढण्यासाठी आपल्या शेतीच्या ट्रॅक्टरात फेरबदल करून देत होती, आणि १९४० साली त्या राज्यातील कँप रिप्ले येथे नॅशनल गार्डच्या सैनिकांनी या ट्रॅक्टरांनाच 'जीप' म्हणायला सुरुवात केली होती. डॉजच्या अर्ध्या टनी कमांड कारलाही काही तुकड्या जीप म्हणत. म्हणजे फोर्डच्या अक्षरांशी काहीही संबंध नसलेली निदान दोन वाहने आधीच हे नाव मिरवत होती. ज्या अक्षरांवरून नाव पडले असे आपण म्हणतो, ती अक्षरे रंगमंचावर येण्यापूर्वीच नाव येऊन बसले होते. व्युत्पत्तीच्या प्रश्नात याहून बळकट आक्षेप मला दुसरा दिसत नाही.

प्राण्याविषयी. ई. सी. सेगर या चित्रकाराने आपल्या पॉपायच्या मालिकेत मार्च १९३६ मध्ये 'युजीन द जीप' नावाचा एक अद्भुत प्राणी आणला. तो कुत्र्याएवढा असून 'जीप' एवढाच आवाज काढतो, भिंतीतून आरपार जातो, एका ठिकाणाहून अदृश्य होऊन दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो, आणि पुढे काय घडणार हे त्याला अचूक ठाऊक असते. ही मालिका अमेरिकी वर्तमानपत्रांतून घराघरांत वाचली जात होती. १९४० साली सैन्यात भरती झालेले विशीतले तरुण ती वाचतच मोठे झाले होते. कुठेही घुसणारी, कुठूनही बाहेर पडणारी आणि अशक्य वाटणारे काम करून दाखवणारी एखादी वस्तू दिसली, की तिला 'जीप' म्हणावे, हे त्यांना सहज सुचण्यासारखे होते. माझ्या मते शब्दाचे मूळ याच बाजूला शोधले पाहिजे.

पहिल्या महायुद्धाचाही एक दावा आहे. मेजर ई. पी. होगन या अधिकाऱ्याने १९४१ साली क्वार्टरमास्टर विभागाच्या नियतकालिकात असे लिहिले, की चाचणीसाठी आलेल्या कोणत्याही नव्या मोटारगाडीला 'जीप' म्हणण्याची पद्धत लष्करी कार्यशाळांतील मिस्त्र्यांमध्ये पहिल्या महायुद्धापासून होती. या विधानाला मी मान देतो, पण ते घटनेनंतर वीस वर्षांहून अधिक काळाने, शब्द गाजायला लागल्यावर लिहिलेले आहे. आठवणीच्या आधाराने केलेल्या विधानाला त्या काळात छापलेल्या पुराव्याइतके वजन देता येत नाही.

शब्दकळा यांचा प्रतिसाद

चक्रधर यांनी तारखांची मांडणी फार काटेकोर केली आहे. तरीही 'जी' आणि 'पी' या अक्षरांना व्युत्पत्तीतून पूर्ण हद्दपार करू नये, असे भाषेच्या बाजूने मला आग्रहाने सांगायचे आहे.

शब्दाचा उगम आणि शब्दाचा टिकाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सैन्यात दरवर्षी शेकडो टोपणनावे निघतात आणि बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत विरून जातात. १९४०-४१ मध्ये याच गाडीला 'बँटम', 'ब्लिट्झ बगी', 'पीप' अशी कितीतरी नावे होती. त्यांतून 'जीप'च का उरले, याचे उत्तर केवळ चित्रमालिकेने मिळत नाही. गाडीच्या कागदांवर 'जीपी' ही अक्षरे दिसत असतील आणि तोंडात 'जीप' हा शब्द आधीच रुळलेला असेल, तर दोन्ही परस्परांना बळ देतात. ऐकणाऱ्याला आपोआप वाटते, की अक्षरांवरूनच नाव पडले असले पाहिजे, आणि असे वाटल्यामुळे नाव अधिक पक्के होते. अनेक इंग्रजी कोशांनीही 'जीपी' ही अक्षरे आणि युजीन हा प्राणी, दोघांचाही उल्लेख नोंदीत एकत्र केलेला आहे, तो याच विचाराने.

उच्चाराच्या दृष्टीनेही हे स्वाभाविक आहे. 'जी' आणि 'पी' या दोन्ही अक्षरांत स्वर एकच आहे, दीर्घ 'ई'. पहिल्या अक्षरावर जोर दिला आणि दुसऱ्यातला स्वर गळला, की 'जीप' उरतो. याउलट त्याच सैन्यातील 'जी.आय.' ही अक्षरे पाहा. सैनिकाला 'जी.आय.' म्हणत, आणि ती दोन अक्षरे शेवटपर्यंत सुटी राहिली, कारण तिथे दोन भिन्न स्वर समोरासमोर येतात आणि त्यांना सांधणारे व्यंजन नाही. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, 'जि.प.' हे जिल्हा परिषदेचे संक्षिप्त रूप मथळ्यांत ठिपके गाळून 'जिप' असे छापलेले आपण पाहतोच.

'जी.आय.'चा उल्लेख आणखी एका कारणासाठी केला. या अक्षरांचा अर्थ आज 'गव्हर्न्मेंट इश्यू', म्हणजे सरकारकडून मिळालेले, असा सांगितला जातो. प्रत्यक्षात लष्करी सामानाच्या याद्यांत 'गॅल्व्हनाइज्ड आयर्न', म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, याच्या बादल्या आणि कचऱ्याचे डबे 'जी.आय.' असे नोंदवले जात असत; सरकारी मालाचा अर्थ त्यावर नंतर बसला. 'जनरल पर्पज'चे तसेच झाले आहे. अक्षरे खरी होती. त्यांचा विस्तार लोकांनी नंतर आपल्या समजुतीने केला. 'एस.ओ.एस.' या संकटकालीन संदेशाचीही तीच कथा आहे: मोर्स लिपीत तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ओळखायला सोपी म्हणून तो निवडला गेला आणि 'आमचे प्राण वाचवा' हा इंग्रजी अर्थ त्याला मागाहून चिकटवला गेला. विस्तार जितका चपखल, तितका तो खरा वाटतो. पण चपखलपणा हा पुरावा नव्हे.

म्हणून आपल्या लेखात 'जनरल पर्पजवरून जीप' हे वाक्य लिहू नये, पण फोर्डच्या अक्षरांनी शब्दाला हातभार लावला असण्याची शक्यता जरूर नोंदवावी, असे मी सुचवीन.

टेहळणी यांचा प्रतिसाद

वर 'पीप'चा ओझरता उल्लेख आला आहे, त्यात थोडी भर घालतो, कारण माझ्या मते हा धागा दुर्लक्षित राहतो.

डॉजच्या मोठ्या गाडीला ज्या तुकड्या आधीपासून 'जीप' म्हणत होत्या, त्यांच्याकडे ही नवी छोटी गाडी आली तेव्हा तिला वेगळे नाव हवे होते. त्यांनी यमक जुळवून तिला 'पीप' म्हटले, जणू जीपचे पिल्लू. रणगाडा दलात तर बाकी साऱ्या सैन्याने 'जीप' स्वीकारल्यानंतरही 'पीप' हेच नाव युद्ध संपेपर्यंत चालू राहिले. पुढे फोर्डने पाण्यातही चालणारी आवृत्ती काढली, तिचे संकेतनाम 'जीपीए'. सैनिकांनी तिला 'सीप' म्हटले, म्हणजे समुद्रावर जाणारी जीप. जीप, पीप, सीप या तिन्ही शब्दांत नाव ठेवण्याची एकच रीत दिसते: आवाज जुळवायचा आणि थोडा खेळकरपणा राखायचा. फक्त 'जीप'पुरते हे सैनिक कारखान्याच्या संकेतनामाची अक्षरे सोडवत बसले होते, हे मला पटत नाही.

याच काळात 'जीप' हा शब्द माणसांनाही लावला जात होता. नव्याने भरती झालेल्या, अजून कवायतीतही न मुरलेल्या शिपायाला जुने सैनिक 'जीप' म्हणत. नवा शिपाई आणि नवी गाडी यांत समान गोष्ट एकच: दोघांचीही अजून पारख व्हायची असे. होगन यांचे विधान चक्रधर यांनी सावधपणे बाजूला ठेवले आहे, पण 'अजून पारख न झालेला' हा अर्थ गाडी आणि माणूस या दोन्ही वापरांतून डोकावतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

गाडी गाजल्यावर अर्थ उलट दिशेने पसरला. अमेरिकी नौदलाने घाईने बांधलेल्या लहान आकाराच्या विमानवाहू जहाजांना 'जीप कॅरिअर' म्हटले जाऊ लागले. जहाजाला चाके नसतात. तेव्हा इथे 'जीप'चा अर्थ लहान, स्वस्त, भराभर बांधता येणारे आणि कामाला पक्के, असा झालेला आहे. म्हणजे जो शब्द काही वर्षांपूर्वी कच्चेपणाचा होता, तो १९४३-४४ पर्यंत भरवशाचा झाला. एवढ्या थोड्या काळात अर्थ असा पालटल्याची उदाहरणे फार थोडी असतील.

माळरान यांचा प्रतिसाद

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जिथे एक ओळ लिहिणार होतो, तिथे आता एक पूर्ण प्रकरण लिहावेसे वाटू लागले आहे.

दोन शंका उरतात. वॉशिंग्टनमध्ये एका चालकाने गाडी संसद भवनाच्या पायऱ्यांवर चढवली आणि वार्ताहराने नाव विचारताच 'ही जीप' असे उत्तर दिले, अशी एक हकीगत वाचली. ती ग्राह्य धरावी का? आणि सैनिकांनी घडवलेला शब्द एका कंपनीच्या मालकीचा कसा झाला?

चक्रधर यांचा प्रतिसाद

पायऱ्यांची हकीगत खरी आहे आणि तिचे छायाचित्रही उपलब्ध आहे. विलिस कंपनीचा चाचणीचालक आयर्व्हिंग हाउसमन याने फेब्रुवारी १९४१ मध्ये वर्तमानपत्रांसाठी प्रात्यक्षिक म्हणून गाडी कॅपिटॉल इमारतीच्या पायऱ्यांवरून वर नेली. 'वॉशिंग्टन डेली न्यूज'च्या वार्ताहर कॅथरीन हिलयर तिथे होत्या. या वाहनाला काय म्हणतात, या प्रश्नाला हाउसमनने 'जीप' असे उत्तर दिले आणि ते छापून आले. सर्वसामान्य वाचकांपर्यंत हा शब्द या गाडीचे नाव म्हणून पोहोचला तो या बातमीमुळे, असे म्हणायला हरकत नाही. पण हाउसमनने शब्द निर्माण केला, असे मात्र लिहू नये. होलाबर्डच्या तळावरील सैनिकांच्या तोंडून त्याने तो ऐकला होता; त्याने केले ते एवढेच, की फोर्ड आणि बँटमच्या गाड्याही त्याच नावाने ओळखल्या जात असताना, ते नाव विलिसच्या गाडीशी जाहीरपणे जोडले.

आणि इथेच दुसऱ्या शंकेचे उत्तर सुरू होते. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचे कंत्राट विलिसला मिळाले. गाड्यांची गरज एका कारखान्याच्या आवाक्याबाहेर गेल्यावर फोर्डलाही सामील करून घेण्यात आले, आणि युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. ज्या बँटमने पहिली गाडी उभी केली, तिच्या वाट्याला मात्र त्यांच्या मागे जोडायच्या ट्रेलरगाड्या बनवण्याचे काम आले. मला या इतिहासातील ही गोष्ट नेहमीच सलते. युद्ध चालू असतानाच विलिसने जाहिरातींतून 'जीप आम्ही निर्माण केली' असे सांगायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये नावाच्या नोंदणीसाठी अर्ज केला. त्याला विरोध झाला, आणि व्यापारातील गैरप्रकारांवर देखरेख करणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे त्याच वर्षी प्रकरण उभे राहिले. १९४८ मध्ये आयोगाने निर्णय दिला, की ही गाडी आपणच निर्माण केली असे विलिसला म्हणता येणार नाही. तिच्या विकासात आपला सहभाग होता, एवढेच म्हणता येईल.

निर्णय सत्याला धरून होता, पण त्याने नाव विलिसपासून सुटले नाही. १९४५ पासून ती कंपनी नागरिकांसाठीची जीप बाजारात विकत होती, आणि १९५० मध्ये व्यापारचिन्हाची नोंदणी तिच्याच नावावर झाली. शब्द कोणी घडवला हा एक प्रश्न असतो आणि तो मालावर छापून बाजारात कोण विकतो हा दुसरा. व्यापारचिन्हाचा कायदा दुसऱ्या प्रश्नाकडे पाहतो. पुढे हे नाव १९५३ मध्ये कैसरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेले आणि आता ते स्टेलँटिस या समूहाचे आहे. तेव्हा आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की सामान्यनाम आधीचे आहे आणि व्यापारचिन्ह नंतरचे. इंग्रजी लिपीत मोठ्या आणि छोट्या अक्षराने हा भेद दाखवता येतो, देवनागरीत तो दाखवता येत नाही. म्हणून लेखात जिथे कंपनी अभिप्रेत असेल तिथे 'जीप कंपनी' असे स्पष्ट लिहिणे बरे.

या नोंदणीचा आणखी एक परिणाम सांगण्यासारखा आहे. जपानच्या टोयोटाने १९५१ मध्ये आपल्या अशाच गाडीचे नाव 'टोयोटा जीप बीजे' असे ठेवले होते. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे १९५४ मध्ये ते बदलावे लागले आणि 'लँड क्रूझर' हे नाव जन्माला आले.

देशोदेशी यांचा प्रतिसाद

शब्दाचा उगम अमेरिकेत असला तरी त्याचे आयुष्य जगभर पसरलेले आहे, आणि अर्थाचा प्रश्न सोडवायला हा पसारा उपयोगी पडेल असे वाटते.

गाडी युद्धामुळे जवळजवळ सर्व खंडांत पोहोचली आणि प्रत्येक भाषेने शब्द आपल्या वळणाने घेतला. तुर्कीत तो 'जिप' झाला, पोर्तुगीजमध्ये 'जीपी'च्या जवळ जाणाऱ्या उच्चाराचा. अरबीत 'प' हा ध्वनीच नसल्यामुळे तिथे 'जीब' म्हणतात, आणि तो लिहिताना खिशाच्या अरबी शब्दासारखाच दिसतो. आइसलँडच्या भाषेने त्याला आपला पुल्लिंगी प्रत्यय लावून 'येप्पी' असे रूप दिले, आणि तिथे कोणतीही उंच, दणकट गाडी 'येप्पी'च असते. चिनी लिपीत ध्वनी जुळवताना निवडलेल्या दोन चिन्हांपैकी पहिल्याचा अर्थ 'शुभ' आणि दुसऱ्याचा 'सार्वत्रिक' असा होतो. रशियाची गोष्ट वेगळी आहे. युद्धकाळात मदत म्हणून आलेल्या गाड्यांना तिथे कंपनीच्या नावावरून 'विलिस' म्हणत. आज मात्र रशियन माणूस कोणत्याही कंपनीच्या अशा गाडीला सर्रास 'जिप' म्हणतो.

फिलिपिन्समध्ये तर एका नव्या वाहनाचाच जन्म झाला. युद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लोकांनी लांब केल्या, त्यांवर छप्पर चढवले, दोन्ही बाजूंना समोरासमोर बाके बसवली आणि त्या प्रवासी वाहतुकीला लावल्या. त्यांचे नाव 'जीपनी'. हा 'जीप' आणि 'जिटनी' या दोन शब्दांचा संधी आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाच सेंटच्या नाण्याला अमेरिकी बोलीत 'जिटनी' म्हणत, आणि तेवढ्या भाड्यात नेणाऱ्या सामायिक गाडीलाही तेच नाव पडले होते. कोलंबियाच्या कॉफी पिकवणाऱ्या डोंगराळ भागात 'यिपाओ' हा शब्द आहे. त्याचा अर्थ एका जीपमध्ये मावेल एवढा माल, आणि शेतमाल मोजण्याचे माप म्हणूनही तो वापरला जातो. गाडीच्या नावावरून मापाचे नाव पडावे, हा या शब्दाच्या सर्व अर्थांतला मला सर्वांत आवडलेला अर्थ आहे.

गणितातही 'जीप-प्रश्न' आहे. ठरावीक इंधनच नेऊ शकणाऱ्या गाडीने वाटेत इंधनाचे साठे करत जास्तीत जास्त किती अंतराचे वाळवंट ओलांडावे, असा तो प्रश्न असून १९४७ पासून तो या नावाने ओळखला जातो. निर्जन मुलुखातून जाणारे वाहन म्हणजे जीप, हे गणितज्ञांनीही गृहीत धरले होते.

भारतात ही गाडी १९४७ पासून महिंद्राने विलिसच्या सुट्या भागांतून जोडायला घेतली, आणि आपल्या भाषांत 'जीप' रुळण्यात तिचा वाटा मोठा आहे. मराठीत हा शब्द कंपनीचे नाव म्हणून आलाच नाही. तो गाडीच्या बांध्याचे आणि तिच्या कामाचे नाव म्हणून आला, आणि आजही तसाच आहे. म्हणून 'दणकट, उंच, खडबडीत वाटेची गाडी' हाच मराठी कोशात पहिला अर्थ असावा आणि व्यापारचिन्हाचा उल्लेख त्यानंतर यावा, असे माझे मत आहे.

माळरान यांचा प्रतिसाद

लेखातील क्रम आता मनात नक्की झाला. लिहिता लिहिता एक व्याकरणाची अडचण आली आहे: अनेकवचन 'जीप', 'जीपा' की 'जिपा'? आणि 'जीपमध्ये' लिहावे की 'जिपेत'?

शब्दकळा यांचा प्रतिसाद

'जीप' मराठीत स्त्रीलिंगी झाली ती 'गाडी'च्या ओढीने. 'जीपगाडी' हे जोडरूप पूर्वीच्या लेखनात वारंवार आढळते. अकारान्त असल्यामुळे मूळ रूपातला 'जी' दीर्घ लिहायचा, जसा 'वीट' किंवा 'जीभ' यांत. या शब्दांचे सामान्यरूप किंवा अनेकवचन करताना हा स्वर ऱ्हस्व होतो: 'विटेला', 'जिभेवर', 'विटा', 'जिभा'. 'जीप' मराठी वळणाने चालवायची ठरवली, तर त्याच नियमाने 'जिपेत', 'जिपेचा', 'जिपा' अशी रूपे होतील, आणि 'जीपा' हे दीर्घ रूप नियमात बसणार नाही.

व्यवहारात मात्र बहुतेक परकी शब्दांप्रमाणे आपण त्याचे सामान्यरूप करतच नाही. 'जीपमध्ये', 'जीपचा', 'जीपवरून' असेच बोलतो आणि लिहितो. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत. फक्त एकाच लेखात 'जीपमध्ये' आणि 'जिपेत' अशी सरमिसळ करू नये. अनेकवचनाला 'जिपा' ज्यांना खटकेल त्यांनी 'जीपगाड्या' लिहावे. 'दोन जीप उभ्या होत्या' असे लिहिले तरी क्रियापदावरून अनेकवचन कळते. 'जिप' हे ऱ्हस्व रूप मात्र गाडीसाठी टाळावे, कारण छापील मजकुरात ते जिल्हा परिषदेचे म्हणून वाचले जाईल.